नवी शेगडी आणि ओव्हन घेताना: दुकानात जाण्याआधी घरच्या ओट्यावर काय बघायचं

नवं घर झालं, वेगळा संसार थाटला किंवा वीस वर्षांची शेगडी अखेर गंजून गेली, की बहुतेक जण थेट दुकान गाठतात. तिथे काळ्या चकचकीत काचेच्या शेगड्या ओळीने मांडलेल्या असतात. विक्रेता "किती बर्नरची दाखवू?" एवढंच विचारतो आणि आपण "चार" म्हणून मोकळे होतो. माझी पहिली शेगडी अशीच घरात आली. पुढच्या बर्नरवर भाकरीचा तवा ठेवला की मागच्या बर्नरवर आमटीचं पातेलं बसायचं नाही, तव्याच्या काठाला टेकून तिरकं व्हायचं. चार बर्नरचे पैसे मोजून दहा वर्षं मी एका वेळी दोनच बर्नर वापरले.

त्यानंतर आईचं, नणंदेचं आणि दोन मैत्रिणींचं स्वयंपाकघर लावताना मी सोबत होते. प्रत्येक वेळी खरं काम दुकानात जाण्याआधीच झालं. पहिल्यांदाच हे सगळं घेणाऱ्यांसाठी ते काम त्याच क्रमाने लिहिते आहे.

आठ दिवस नोंद ठेवा

एका कागदावर आठवडाभर लिहा: रोज काय शिजलं, एका वेळी किती भांडी विस्तवावर होती, किती माणसांचं होतं. अंदाज बांधू नका, लिहूनच काढा. आपल्याला वाटतं आपण पुष्कळ तळतो, आणि नोंदीत निघतं की आठवड्यात दोनदा पापड आणि एकदा भजी. रोज भाकरी होते की फुलके? दूध किती लिटर तापतं? वांगं किंवा टोमॅटो आचेवर भाजता का? सणावाराला पुरण, बासुंदी, चिवडा घरी होतो का? सकाळच्या डब्याच्या घाईत एकाच वेळी कुकर, भाजी, पोळी आणि चहा चालू असतो का, की एकामागून एक केलं तरी चालतं?

दोघांच्या घरात रात्री खिचडी आणि सकाळी पोळी-भाजी असेल तर दोन चांगले बर्नर पुरतात. सहा माणसांत रोज वीस पोळ्या होत असतील तर तीन लागतात. चौथा बर्नर मोठ्या कुटुंबात किंवा डबे करून देणाऱ्यांकडेच खरा वापरला जातो, असं मी बघत आले आहे.

मग भांडी मोजा

टेप घ्या आणि रोजच्या वापरातली पाच भांडी मोजा: तवा, कुकर, मोठी कढई, दुधाचं पातेलं, भाताचा टोप. वरचा व्यास मोजायचा, कारण शेगडीवर जागा काठ अडवतो. माझा भाकरीचा तवा ११ इंचाचा, कढई १२ इंचांची. म्हणजे ही दोन शेजारी ठेवायची तर दोन बर्नरच्या मध्यापासून मध्यापर्यंत १२ इंच तरी अंतर हवं. हा आकडा वहीत लिहून घ्या. दुकानात टेप काढून बर्नरमधलं अंतर मोजा, संकोच करू नका. अनेक तीन बर्नरच्या शेगड्यांत मधला बर्नर दोन्ही बाजूंच्या भांड्यांखाली दबून जातो. आखूड शेगडीवर तीन बर्नर कोंबण्यापेक्षा लांबरुंद दोन बर्नरची शेगडी कितीतरी सुखाची.

भांडी मोजताना प्रत्येकाच्या बुडाला एक लोहचुंबक लावून बघा. फ्रिजवर चिकटवायचं साधं चुंबक चालतं. कशाला चिकटतं आणि कशाला नाही, तेही लिहा. पुढे इंडक्शनचा विचार आला की ही यादी लागेल.

गॅस कोणता आहे, हे आधी पक्कं करा

घरी सिलिंडर आहे की पाइपचा गॅस, याचा शेगडीच्या निवडीशी सरळ संबंध आहे. मुंबईत महानगर गॅसची आणि पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅसची पाइपलाइन अनेक सोसायट्यांमध्ये पोचली आहे, बाकी बहुतेक ठिकाणी १४.२ किलोचा सिलिंडर. सिलिंडरचा गॅस रेग्युलेटरमधून साधारण ३० मिलिबार दाबाने येतो, पाइपचा साधारण २१ मिलिबारने. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या पाइपच्या गॅसात उष्णता बरीच कमी असते. म्हणून पाइपच्या शेगडीचं जेट, म्हणजे बर्नरखालची बारीक भोकाची पितळी नळी, मोठ्या भोकाची असते.

सिलिंडरचं जेट तसंच ठेवून शेगडी पाइपला जोडली तर ज्योत मरगळलेली राहते आणि कुकरची शिट्टी होता होत नाही. उलटं केलं, पाइपची शेगडी सिलिंडरला जोडली, तर ज्योत उंच आणि पिवळी होते, भांडी काळी पडतात, आणि ते धोक्याचंही आहे. शहरातलं घर सोडून गावी जाताना शेगडी सोबत नेणारे पुष्कळ असतात. त्यांनी आधी माहीतगार मेकॅनिककडून जेट बदलून घ्यावीत. नवी घेताना "ही कोणत्या गॅसची आहे आणि दुसऱ्या गॅसची जेटं मिळतात का?" हा प्रश्न विक्रेत्याला विचाराच.

ओट्यावर ठेवायची की ओट्यात बसवायची

आता इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात महागाच्या चुका इथेच होतात.

ओट्यावर ठेवायची शेगडी उचलता येते. दूध उतू गेलं तर ती सरकवून खालचा ग्रॅनाइट पुसता येतो, बिघडली तर रिक्षात टाकून दुकानात नेता येते. पण तिच्यामुळे भांड्याचा काठ ओट्यापासून चांगला वर जातो. ओटा आधीच ३४ इंचांचा आणि स्वयंपाक करणारी पाच फुटांची असेल तर आमटी ढवळताना कोपर खांद्याकडे उचलावं लागतं. रोज दोन तास असं केलं तर खांदा दुखणारच. दुकानात जाण्याआधी आपल्या ओट्यावर शेगडीच्या उंचीइतकी पुस्तकं रचून त्यावर पातेलं ठेवा आणि डावाने ढवळून बघा. कोपर अंगालगत खाली राहिलं तर ठीक.

ओट्यात बसवायची ती हॉब. ती ओट्याला जवळपास सपाट बसते, दिसायला छान, उंचीचा प्रश्न नाही. पण त्यासाठी ग्रॅनाइटमध्ये चौकोन कापावा लागतो, आणि त्या चौकोनाचं माप प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. आमच्याकडे कारागिराने "सगळ्यांची सारखीच असतात" म्हणत हॉब यायच्या आधीच कडप्पा कापला. हॉब आली तेव्हा भोक अर्ध्या इंचाने मोठं निघालं. हॉबचा काठ एका बाजूला कडप्प्यावर टेकतच नव्हता. आख्खा दगड बदलावा लागला. तेव्हापासून माझा नियम एकच: हॉब घरात येऊन खोक्यातून बाहेर निघाल्याशिवाय दगडाला कटर लावायचं नाही. छापील मापावरही नाही.

हॉबखाली हवा खेळायला जागा लागते, म्हणजे तिथला वरचा ड्रॉवर जातो. दुरुस्तीला माणूस घरीच यावा लागतो, म्हणून तुमच्या तालुक्याच्या गावात त्या कंपनीचा मेकॅनिक येतो का, हे खरेदीआधी विचारा. भाड्याच्या घरात हॉब बसवू नका. आणि वर चिमणी लावणार असाल तर गॅसच्या ज्योतीपासून ती साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर वर हवी, तेव्हा भिंतीतली कपाटं ठरवताना हे माप सुताराला आधीच द्या.

शेगडी हातात घेऊन काय बघायचं

बर्नर उचलून बघा. पितळी बर्नर हाताला जड लागतो, वर्षानुवर्षं टिकतो, भोकं नीट राहतात. मिश्रधातूचा हलका बर्नर स्वस्त, पण सांडलेल्या आमटीच्या मिठाने लवकर खातो. भांडं ठेवायची जाळी हलवून बघा. त्यावर हाताने दाब दिला तर डगमगता कामा नये. पुरण घोटताना किंवा हलवा परतताना एका हाताने कढई धरून दुसऱ्या हाताने जोर लावतो, तेव्हा हलकी जाळी सरकते आणि सगळा ऐवज तिरका होतो.

चहाचं छोटं भांडं किंवा फोडणीची कढली जाळीवर बसते का? बऱ्याच हॉबच्या जाळीचे हात मध्यापर्यंत येत नाहीत, आणि कढली कलंडते. मी दुकानात जाताना पिशवीत कढली घेऊन जाते.

मोठ्या ज्योतीवर सगळ्यांचं लक्ष जातं, पण मला छोटी ज्योत जास्त महत्त्वाची वाटते. बटण अगदी मंदावर आणल्यावर ज्योत एकसारखी, निळी, न फडफडता राहते का? भात दमावर ठेवायचा, बासुंदी आटवायची, तूप कढवायचं, ते याच आचेवर. अनेक दुकानांत गॅस जोडलेला नसतो, पण मोठ्या दुकानात एखादी शेगडी पेटवून दाखवतात. नसेल तर ज्यांच्याकडे ते मॉडेल आहे अशा ओळखीच्या घरी जाऊन दहा मिनिटं चहा करून बघा.

काच की स्टील? काच पुसायला सोपी आणि दिसायला देखणी. पण आचेवर पसरट मोठं भांडं किंवा पापड भाजायची जाळी बराच वेळ ठेवली की उष्णता खाली अडकते, आणि तापलेल्या काचेवर गार पाण्याचं फडकं पडलं तर ती तडकू शकते. कडक केलेली काच फुटली की तिचे बारीक तुकडे होतात. ज्यांच्याकडे रोज मोठी भांडी चढतात, लोणची-पापड-फराळाचा घाट असतो, त्यांनी स्टील घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

शेगडीवर आयएसआयची खूण आणि आयएस ४२४६ हा क्रमांक आहे का, ते बघून घ्या. सिलिंडरवर चालणाऱ्या घरगुती शेगडीसाठीचं हे भारतीय मानक आहे, आणि त्यात किमान ६८ टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोचली पाहिजे अशी अट आहे. काही शेगड्यांवर ऊर्जाबचतीच्या ताऱ्यांचं लेबल असतं. दोन सारख्या शेगड्यांत निवडायचं असेल तर जास्त ताऱ्यांची घ्या. ज्योत वाऱ्याने किंवा उतू गेलेल्या दुधाने विझली तर गॅस आपोआप बंद करणारी सोय काही शेगड्यांत आणि हॉबमध्ये मिळते. घरी वयस्कर माणसं एकटी स्वयंपाक करत असतील तर तिच्यासाठी चार पैसे जास्त द्या. आपोआप पेटणाऱ्या बटणासाठी मात्र जास्त पैसे देऊ नका. ते बिघडतं, आणि लायटर स्वयंपाकघरात असतोच.

इंडक्शन कुठे कामाला येतं

दूध, चहा, डाळ, भात, कुकर, भाजी हे सगळं इंडक्शनवर छान होतं. उष्णता थेट भांड्याच्या बुडात तयार होते, म्हणून वाया कमी जाते आणि स्वयंपाकघर तापत नाही. २००० वॅटवर अर्धा तास चालवलं तर एक युनिट वीज. आपल्या बिलातला युनिटचा दर बघून गॅसशी तुलना तुमची तुम्हीच करा, कारण दर घरोघरी वेगळा पडतो.

आता चुंबकाची यादी काढा. ज्या बुडाला चुंबक चिकटतं आणि जे सपाट आहे तेवढंच चालेल. ॲल्युमिनियमचा जुना कुकर, तांब्याचं पातेलं, गोल बुडाची लोखंडी कढई बाद. लोखंडी तवा चालतो, पण आतली कॉइल तव्यापेक्षा लहान असते. मधे तवा लालबुंद तापतो, काठ थंड राहतो, आणि ज्वारीची भाकरी मधे करपून कडेला कच्ची राहते. भाकरी आचेवर टाकून फुगवायची, पापड विस्तवावर भाजायचा, भरताचं वांगं काळं होईस्तोवर फिरवायचं, यासाठी ज्योतच हवी. म्हणून घरात एकतरी गॅसचा बर्नर असावा आणि जोडीला एक सुटं इंडक्शन, ही जोडी मला सगळ्यात सोयीची वाटते. सिलिंडर संपला आणि नवा यायला दोन दिवस लागणार असले तरी घर अडत नाही.

ओव्हन: आधी ठरवा की भाजायचंय की गरम करायचंय

ओव्हनबद्दल नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. मायक्रोवेव्ह अन्नातल्या पाण्याला हलवून गरम करतो. म्हणून कालची भाजी दोन मिनिटांत वाफाळते, पण केकचा वरचा भाग तांबूस होत नाही. ओटीजी, म्हणजे वर-खाली सळ्या असलेली पेटी, कोरड्या उष्णतेने भाजते. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह दोन्ही करतो, पण आतली ताटली फिरती असल्याने चौकोनी मोठा ट्रे अडकतो आणि नानकटाईचा एकेक घाणा काढत बसावं लागतं.

माझा सल्ला सरळ आहे. फक्त गरम करायचं, दाणे भाजायचे, तूप पातळ करायचं असेल तर साधा मायक्रोवेव्ह. केक, पाव, बिस्किटं मनापासून करायची असतील तर ओटीजी. ओट्यावर एकाच वस्तूची जागा असेल तरच कन्व्हेक्शन. भिंतीत बसवायचा मोठा ओव्हन घर नव्याने लावत असाल आणि आठवड्यातून एकदा तरी भाजत असाल तरच घ्या. एअर फ्रायर म्हणजे पंख्याचा छोटा ओव्हनच. त्यात दोघांपुरतं चांगलं होतं.

लिटरच्या आकड्यापेक्षा आतली रुंदी मोजा. सात इंची केकच्या डब्याला साधारण २० लिटरची पेटी पुरते. नऊ इंची डबा किंवा नानकटाईचा मोठा ट्रे लावायचा तर ३० लिटरच्या आसपास बघा. डब्याभोवती चारही बाजूंनी दोन बोटं तरी हवा खेळली पाहिजे.

वरची आणि खालची सळई वेगवेगळी चालू करता येते का, हे मात्र कसोशीने तपासा. आपल्याकडे ओव्हन यायच्या कितीतरी आधीपासून ही समज होती. कोकणात काकडीचं धोंडस भाजताना पातेल्याखाली विस्तव आणि झाकणावरही निखारे ठेवत. गोव्यात बेबिंक करताना एकेक थर ओतून त्याला वरूनच आच देतात. आजच्या पेटीत ते काम वरची सळई करते. फक्त वरची चालू करायची सोय नसेल तर बेबिंकाचा दुसरा थर लागेपर्यंत पहिला थर खालून करपतो.

पेटीच्या बटणावरच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. १८० अंश लावलं तरी आत २०० असू शकतं. आत ठेवायचा छोटा तापमापक बाजारात मिळतो, तो घ्या. आणि घरी आणल्यावर हा प्रयोग करा: ट्रेभर पावाच्या साध्या स्लाइस पसरा, आधी दहा मिनिटं तापवलेल्या पेटीत १८० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवा, मग बाहेर काढून नीट बघा. माझ्या पेटीत मागच्या डाव्या कोपऱ्यातली स्लाइस तपकिरी झाली आणि दाराजवळच्या दोन पांढऱ्याच राहिल्या. त्या दिवसापासून मी नानकटाई अर्धी भाजून झाली की ट्रे फिरवते.

वायरिंग बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

साधा ६ अँपिअरचा प्लग साधारण १३०० वॅटपर्यंतच. त्यापुढची ओटीजी, इंडक्शन, भिंतीतला ओव्हन यांना १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग आणि त्याला साजेशी तार लागते. मिक्सरच्या बोर्डाला एक्स्टेन्शन लावून ओव्हन चालवणं म्हणजे तार वितळायची वाट बघणं. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तो बघा. सकाळी गीझर, इंडक्शन आणि ओव्हन एकदम चालू झाले तर सहज पाच-सहा किलोवॅट होतात. भार कमी असेल तर आधी वाढवून घ्या, इलेक्ट्रिशियनला बोलवून ओव्हनसाठी वेगळी तार ओढून घ्या, मग खरेदी करा.

ओटीजी ठेवायची जागाही आत्ताच ठरवा. मागे आणि बाजूंना १० सेंटिमीटर तरी मोकळं असावं, वर प्लायचं कपाट नसावं, आणि गॅसची नळी तिच्या मागून मुळीच जाऊ नये.

शेगडी घरी आली की

सिलिंडर उभा, आणि शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचीवर. नळी आयएसआय खुणेची सुरक्षा नळीच घ्या, लांबी दीड मीटरच्या आत ठेवा, मधे जोड नको. तिच्यावर छापलेली तारीख बघा आणि पाच वर्षांनी बदला. जोडणी झाली की वाटीत साबणाचं पाणी करून रेग्युलेटरपाशी आणि शेगडीच्या नळीपाशी बोटाने लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून तपासायचं नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक सिलिंडरच्या गॅसगळतीसाठी चोवीस तास चालू असतो. पाइपच्या गॅससाठी कंपनीचा आणीबाणीचा क्रमांक बिलावर असतो, तो आजच फोनमध्ये साठवा.

मग ज्योत बघा. निळी आणि स्थिर हवी. टोकं पिवळी असतील तर मेकॅनिकला त्याच दिवशी, तो घरात असतानाच सांगा. ओटीजी पहिल्या दिवशी रिकामीच, खिडक्या उघड्या ठेवून वीस मिनिटं कडक तापवा. सळ्यांवरच्या तेलाचा धूर आणि वास निघून जाईल. पेटी थंड झाली की आतून ओल्या फडक्याने पुसा. बिल आणि हमीचं कार्ड मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कागदावरची शाई वर्षभरात उडते.

आणि शेगडीवर पहिलं दूध तापवताना तिच्यासमोरच उभं राहा. मोठ्या आचेवर सुरुवात करा, साय वर येऊ लागली की बटण मंदावर आणा. ज्योत विझली नाही, फडफडली नाही आणि दूध पातेल्यातच खाली बसलं, तर शेगडी चांगली निघाली.